आहे की मिक्सर!

"मी मिक्सर बनवतोय," असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको ओट्यापाशी शेंगदाण्याचं कूट करत होती. तिने बटण बंद केलं, माझ्याकडे पाहिलं, समोरच्या भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे की."

"तो नाही गं. आवाजाचा."

"हाही आवाजच करतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा मिक्सर आवाज करतो आणि शिवाय कूटही करतो. माझा पुढचे तीन महिने नुसता आवाजच करणार होता, पण हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिला बहुधा असावं.

सुरुवात झाली सोसायटीच्या गणपतीवरून. जूनच्या सभेत सेक्रेटरींनी सांगितलं की साउंडवाल्याने यंदा पाच दिवसांचे आठ हजार सांगितलेत. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आपल्या ऑफिसात धूळ खात पडलेत, पण सहा माईक एकत्र करून देणारा तो डबा आपल्याकडे नाही. सभेत शांतता पसरली. आठ हजारांची शांतता फार खोल असते. आणि त्या शांततेत एक आवाज आला, "त्यात काय, मिक्सर घरी बनवता येतो."

आवाज माझा होता.

'त्यात काय' हे दोन शब्द आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. आजोबांनी 'विहीर खणायची, त्यात काय' म्हणून परसात जो खड्डा केला, त्यात पुढे चाळीस वर्षं केळी लावली गेली. वडिलांनी 'त्यात काय' म्हणत भिंतीवरचं घड्याळ उघडलं. ते पुन्हा चालू झालं, पण उलटं. माझ्या खाती दारावरची बेल जमा आहे. ती मी दुरुस्त केल्यापासून कुणी लिफ्ट वापरली की वाजते, दारात कुणी आलं की वाजत नाही. बायको म्हणते, पाहुणे कमी झाले, हा एक फायदा.

शिवाय माझा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. कॉलेजात असताना टू एन थ्री झिरो फाईव्ह फाईव्ह नावाच्या लोखंडी टोपीसारख्या दिसणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांवर मी अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. गॅदरिंगला तो पूर्ण दीड गाणं वाजला. मधली पस्तीस वर्षं मी एका बँकेत दुसऱ्यांच्या आकड्यांची बेरीज करत बसलो आणि मिक्सर म्हणजे तरी दुसरं काय, बेरीजच. सहा माईकांचे सहा बारीक आवाज आधी वाढवायचे, मग एकेका रेझिस्टन्समधून एका बिंदूवर आणून सोडायचे. तिथे बसलेली आयसी तो बिंदू शून्यावर असल्याचं नाटक वठवते आणि सगळ्यांची बेरीज पलीकडे देते. या बिंदूला म्हणतात 'व्हर्च्युअल अर्थ', म्हणजे अर्थ नसतो, पण असल्यासारखा वाटतो. आमच्या चेअरमनांची भाषणं ऐकलेल्या माणसाला ही कल्पना समजायला काही अडचण येऊ नये.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ही बेरीज प्रामाणिक असते. आवाजाबरोबर ती खरखरीचीही बेरीज करते. बँकेत चुकलेली बेरीज गपचूप कागदावर पडून राहते. इथे ती ऐकू येते.

घरातून विरोध होऊ नये म्हणून मी इतिहासाचा आधार घेतला. "बीटल्स माहीत आहेत ना? त्यांची बहुतेक गाणी ज्या मिक्सिंगच्या टेबलावर झाली, ते टेबल कुठल्या दुकानातून आणलेलं नव्हतं. ईएमआय कंपनीने १९५५ साली घरचाच एक विभाग काढला आणि घरच्याच इंजिनियरांनी ते बनवलं. पांढरे कोट घालून काम करायचे ते लोक."

"तुम्ही निदान बनियन बदला," बायको म्हणाली.

पुण्यात असले उद्योग करणाऱ्यांची पंढरी म्हणजे बुधवार पेठ. पंढरी म्हणायला तिथे विठोबाही आहे, पासोड्या विठोबा. त्याच्या आसपास आणि तपकीर गल्लीत जगातली प्रत्येक वायर, प्रत्येक पिन आणि प्रत्येक जळलेल्या वस्तूचा न जळलेला भाऊ मिळतो. फक्त रिक्षावाल्याला नुसतं 'बुधवार पेठ' असं सांगायचं नसतं. 'बुधवार पेठ, इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट' असं संपूर्ण आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचं असतं.

माझ्या हातात चौसष्ट वस्तूंची यादी होती. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काका, काय रिपेर करायचंय?"

"रिपेर नाही, बनवतोय. मिक्सर."

"जारची वॉशरं पलीकडच्या गल्लीत."

त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग त्याने यादी घेतली आणि औषधांच्या दुकानात असतो तसला संवाद सुरू झाला. मी मागितली कमी खरखर करणारी फाईव्ह फाईव्ह थ्री टू; तो म्हणाला, ती संपली, पण त्याच्यातलीच आहे. मी म्हटलं, त्याच्यातली नको, तीच हवी. तो आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "तीच घ्या." घरी येऊन अंगठा फिरवला तर आयसीवरचा नंबर अंगठ्यावर आला.

व्हॉल्यूमच्या बाबतीत तर मी फार बजावलं होतं. आपला कान बेरजेने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. म्हणून आवाजाच्या नॉबला 'लॉग' जातीचं पॉट लागतं, 'लिनिअर' चालत नाही. पाठीवर 'ए' छापलेलं असेल ते लॉग, 'बी' छापलेलं असेल ते लिनिअर. हे सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एक पॉट माझ्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "फिरतंय ना काका? मग झालं."

मी सगळी पॉट डब्यात बसवून, नट आवळून, वर नॉब चिकटवून झाल्यावर टॉर्च मारून पाठ वाचली. सातच्या सात 'बी'. आता माझ्या मिक्सरचा नॉब शून्यावरून दोनवर आणला की सगळा आवाज एकदम अंगावर येतो आणि दोनपासून दहापर्यंत कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. आमची वार्षिक सभा अगदी अशीच चालते.

पण हे पुढचं. त्याआधी रंगांचं प्रकरण झालं. रेझिस्टन्सवर आकडा लिहिलेला नसतो, रंगांचे पट्टे असतात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम आणि तपकिरी-काळा-केशरी म्हणजे दहा हजार. लाल आणि केशरी यांत दहापटीचा फरक. आणि हे पट्टे तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तूवर. त्यातून हल्लीचे चांगल्या प्रतीचे रेझिस्टन्स अंगाने निळे असतात. निळ्यावर तपकिरी म्हणजे माझ्या चष्म्यापुरतं निळ्यावर निळं. मल्टिमीटर होता, पण त्याचा सेल २०११ सालीच फुटून हिरवा झाला होता. मी बायकोला बोलावलं. साड्यांच्या दुकानात सहा छटांतून ती एक अचूक उचलते, हे मी पैसे देत देत पाहिलेलं होतं.

"हा पट्टा लाल आहे की केशरी?"

तिने तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. "दोन्ही नाही. हा विटकरी."

"विटकरी असा रंगच नसतो यात. दहाच रंग असतात. लाल की केशरी?"

"लाल म्हणजे तरी कुठला? कुंकवाचा की डाळिंबी?"

"नुसता लाल!"

"नुसता लाल कुठे असतो?" तिने दुसरा उचलला. "हा बघा, हा अबोली आहे. आणि हा राणी कलर. हा फार छान आहे, हा कशाला लावताय आत?"

तर त्या मिक्सरचा चौथा चॅनेल, जो बाकीच्यांपेक्षा बरोबर दहापट जोरात ओरडायचा, तो 'अबोली'मुळे.

पीसीबी घरी करण्याची एक युक्ती आहे. सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तो तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालून वरून कडक इस्त्री फिरवायची. शाई तांब्याला चिकटते. कागद पाण्यात भिजवून सोलायचा. गुळगुळीत कागद म्हणून मी गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातली जाहिरातींची पानं काढून नेली. झेरॉक्सवाल्याने पान उलटसुलट पाहिलं. "काका, यावर आधीच छापलंय."

"असू दे. त्याच्यावरच छापा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही बँकेत लॉटरीचं तिकीट वटवायला आणणाऱ्या माणसाकडे पाहत असू. पण छापून दिलं. इस्त्री झाली. सुंदर उमटलं. फक्त जे उलटं छापायला हवं होतं ते मी सुलट छापलं होतं, त्यामुळे संपूर्ण सर्किट आरशात पाहिल्यासारखं झालं. यावर उपाय एकच: सगळ्या आयसी पत्र्याच्या खालच्या अंगाने बसवायच्या. त्या तशा बसवल्या. आजही डबा उघडला की त्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या दिसतात. इस्त्रीच्या तळाला उरलेली शाई मात्र वाया गेली नाही, ती माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर आहे.

नको असलेलं तांबं खाऊन टाकायला फेरिक क्लोराईड लागतं. दिसायला चिंच-गुळाच्या आमटीसारखं असतं आणि लागलेला डाग आमटीपेक्षा टिकाऊ. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की प्लास्टिकचं भांडं वापरा. पण प्लास्टिकची भांडी बायकोने पर्यावरणासाठी नुकतीच काढून टाकली होती, म्हणून मी कपाटाच्या मागच्या बाजूचं स्टीलचं एक ताट घेतलं. फेरिक क्लोराईडला तांब्याइतकंच स्टीलही आवडतं. अर्ध्या तासाने पाहिलं तर तांबं अर्धंच गेलं होतं आणि ताटाला देवीचे व्रण पडले होते. ते लग्नातलं ताट निघालं. काठावर 'मामाकडून' असं कोरलेलं होतं. त्यातला पहिला 'मा' औषधाने खाल्ला.

आता तिथे 'माकडून' असं वाचता येतं. मामा अजून आहेत, दिवाळीला येतात, आणि ते ताट त्यांच्यासमोर येऊ नये म्हणून आम्ही दोघं जी धावपळ करतो तीत आमच्या संसारातली एकी दिसून येते.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी मिक्सर पहिल्यांदा चालू केला. सिरीजमध्ये बल्ब लावून, एक हात पाठीमागे धरून, घरच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवून. धूर आला नाही. हे इतकं अनपेक्षित होतं की मी दोनदा वास घेतला. मग स्पीकर जोडला.

"घूंऽऽऽऽ…"

माईक न लावता. काहीही न लावता. एकसंध, गंभीर, अखंड घूं. साउंडवाले याला 'हमिंग' म्हणतात आणि तोंड वाईट करतात.

पाच मिनिटांत बेल वाजली. म्हणजे कुणीतरी लिफ्टने आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे गाणारे काका दारात उभे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि डोळे मिटले.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "किंचित चढा. कोण बसलंय?"

मी त्यांना आत नेऊन दाखवलं. आपली वीज पन्नास हर्ट्झची. पॉवर सप्लायमध्ये ती सुलट करताना तिची दुप्पट होते, शंभर. आणि पेटीवरची त्या सप्तकातली पांढरी पाच असते अठ्ठ्याण्णव. "म्हणजे," काका म्हणाले, "या देशातले सगळे पंखे, फ्रिज आणि ट्रान्सफॉर्मर पांढरी पाचात गातात?" जवळजवळ. "आणि माझी पांढरी एक. म्हणजे हा माझा पंचम!" ते तिथेच खुर्चीत बसले आणि माझ्या हमिंगवर त्यांनी यमनचा आलाप सुरू केला. बायकोने दोघांनाही चहा दिला. मी तेव्हा हिशेब करून पाहिला, अमेरिकेची वीज साठ हर्ट्झची, ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडते. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याचं गाणं तिकडे गेल्यापासून का बिघडलं, याचा उलगडा झाला.

पण गणपतीच्या आरतीला चोवीस तास पंचम चालणार नव्हता. तो घालवायला हवा होता.

पहिला इलाज, डबा. नाजूक सर्किट धातूच्या डब्यात ठेवलं की बाहेरचा उपद्रव आत शिरत नाही, असं शास्त्र सांगतं. मी चकलीचा स्टीलचा डबा घेतला (रिकामा करून; तो कसा रिकामा केला हे विचारू नये). घूं तसूभर हललं नाही. बायको बघत होती. तिने फ्रिजवरचा गोव्याहून आणलेला लोहचुंबकाचा मासा काढला आणि डब्याला लावला. मासा खाली पडला.

"चांगलं स्टील आहे ते. चिकटत नाही. दुकानदाराने लावूनच दाखवलं होतं."

पस्तीस वर्षांत मी पहिल्यांदा वही काढून तिचं वाक्य लिहून घेतलं. तिच्या दृष्टीने जो त्या डब्याचा गुण, तोच माझ्या दृष्टीने दोष. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व अडवायला लोखंड लागतं. चांगल्या स्टीलमधून ते विनातिकीट आरपार जातं. मासा घेऊन मी घरभर फिरलो. तो फ्रिजला चिकटला, कपाटाला चिकटला आणि मग गॅलरीत गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्याला असा काही चिकटला की ओढून काढावा लागला.

अशा रीतीने माझ्या मिक्सरला घर मिळालं. बाहेर सूर्यफुलाचं चित्र, त्याच्या पाकळ्यांमधून बाहेर आलेले सात नॉब, आणि जिथे मूळ बूच होतं तिथून वायर. सेक्रेटरी प्रगती पाहायला आले आणि दारातूनच खूश झाले. "वा! यंदा भजी पण आहेत वाटतं."

घूं निम्मं झालं. उरलेल्या निम्म्यासाठी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने भिंतीतल्या प्लगच्या वरच्या भोकात टेस्टलॅम्पची वायर घातली, बल्ब लागला नाही. त्याने पुन्हा घातली. मग तो पायावर पाय टाकून स्टुलावर बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, ह्याला अर्थच नाय."

"मी जूनपासून हेच सांगतेय," आतून आवाज आला.

बिल्डरने प्रत्येक प्लगला तिसरं भोक दिलं होतं, पण त्याच्यामागे वायर दिली नव्हती. आमच्या घरातली सगळी यंत्रं वीस वर्षं निरर्थक चालली होती. इलेक्ट्रिशियनने अर्थ ओढून दिला. माझा उत्साह वाढला. एक अर्थ आल्यावर एवढा फरक, तर दोन दिल्यावर किती, म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरलाही वेगळा अर्थ जोडला. घूं दुप्पट झालं. दोन ठिकाणी अर्थ दिला की दोहोंच्या मधल्या वायरीत वीज गोल गोल फिरत बसते आणि ती फेरी स्पीकरमध्ये ऐकू येते. दोन अर्थांवर दादा कोंडक्यांचे सिनेमे चालले. मिक्सर चालत नाही.

एवढ्यात गणपती आले.

मांडवात माईक ठेवला की एक विधी सुरू होतो. येणारा प्रत्येक जण त्याच्यावर आधी टिचकी मारतो, मग फुंकर मारतो, मग म्हणतो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." चारपर्यंत कुणीच जात नाही. माईक तीनपर्यंत नीट चालून चारला बिघडला तर ते कुणाला कळणारही नाही. माझा मिक्सर पाचला शिट्टी मारत होता, पण तिथवर कुणी गेलंच नाही म्हणून पहिले दोन दिवस अब्रू राहिली. चौथ्या चॅनेलवर मी मुद्दाम सर्वांत लाजऱ्या बाईंना बसवलं. अथर्वशीर्ष म्हणताना त्या एकट्या बाकीच्या पाचजणींना पुरून उरल्या आणि त्यांचा आत्मविश्वास इतका वाढला की त्या आता कमिटीवर आहेत.

रस्त्यापलीकडच्या मंडळाने मात्र डॉल्बी लावली होती. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यासमोरून जाताना आपल्या छातीत दुसऱ्याचं हृदय धडधडतं. पोलीस दरवर्षी 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'चं आवाहन करतात. आणि ज्यांचं हे आडनाव, ते रे डॉल्बी साहेब गोंगाट कमी करणारे गृहस्थ! टेपवरची खरखर घालवण्याचं यंत्र हेच त्यांच्या कंपनीचं पहिलं मोठं काम. १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढण्याआधी ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून दोन वर्षं भारतात होते. इथून ते थेट आवाज कमी करण्याच्या धंद्यात का शिरले, हे समजायला आमच्या गॅलरीत पाच मिनिटं उभं राहावं. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. आम्ही दोघं एकाच गोष्टीच्या मागे होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चेअरमनांचं भाषण होतं. मांडव मोठा झाल्यामुळे मी तेलाचा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आणि तिथून स्टेजपर्यंत माईकची वायर ओढली. जाळीची चांगली वायर महाग पडत होती, म्हणून दारावरच्या बेलची उरलेली साधी वायर जोडली. वीस मीटर. घरी हीच वायर एक मीटर होती. वीस मीटर वायर दोन झाडांवरून उंच नेली की तिला शास्त्रात वायर म्हणत नाहीत, एरियल म्हणतात. आणि आयसीच्या तोंडाशीच तिने आणलेल्या लहरी उघडून त्यातलं गाणं-बोलणं वेगळं काढण्याची सोय आपोआप होते. थोडक्यात, मी रेडिओ बनवला होता. कॉलेजात असताना मुद्दाम बनवायला गेलो होतो तेव्हा झाला नव्हता.

चेअरमन रंगात आले होते. "…आपल्या सोसायटीत काही सभासद असे आहेत, जे वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरत नाहीत, आणि वर मीटिंगमध्ये येऊन बोलतात! मी विचारतो, या मंडळींवर उपाय काय?"

त्यांनी परिणामासाठी एक क्षण थांबून श्रोत्यांवर नजर फिरवली. त्या क्षणात स्पीकरमधून ७९२ किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणीचा शांत, समजूतदार आवाज आला, "पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी."

पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. चेअरमनांनी संशयाने मागे पाहिलं, गणपतीकडेही पाहिलं. "कोण बोललं?"

"प्रादुर्भाव जास्त आढळल्यास आठ दिवसांनी पुन्हा फवारावं."

सेक्रेटरी धावत केबिनमध्ये आले. "आवाज कमी करा! तो दुसरा!" मी नॉब दोनवरून एकवर आणला. लिनिअर पॉट. चेअरमन गेले, निंबोळी राहिली. मग मी घाबरून सगळेच नॉब फिरवले, तेव्हा चौथ्या चॅनेलवरून मागच्या रांगेतल्या बाईंचा आवाज साऱ्या आवारात घुमला, "अगं, ते स्वतः तरी कुठे भरतात?"

त्यानंतरचा कार्यक्रम माईकशिवाय झाला. आरतीला माईक लागत नाही, हे त्या दिवशी सर्वांना नव्याने कळलं. थकबाकी मात्र महिन्याभरात बरीच वसूल झाली. निंबोळीचा गुण म्हणायचा.

हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा मी बँकवाला असूनही बेरीज तीनदा केली. दुकानात तयार सहा चॅनेलचा मिक्सर साडेसहा हजारांना मिळत होता. माझा पडला नऊ हजार तीनशे चाळीस. झब्बा, चकल्या आणि मामा वेगळे. मी कमिटीला तीन हजारांचं बिल दिलं आणि वर म्हणालो, त्यात काय.

विसर्जनानंतर मी सूडाने कामाला लागलो. प्रत्येक माईकच्या तोंडाशी शंभर पिकोफॅरडचा कंडेन्सर लावला, आकाशवाणी गेली. जाळीची वायर आणली. अर्थ एकच ठेवला, तोही एकाच बिंदूवर. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून त्याला तुपाच्या लहान डब्यात वेगळं बिऱ्हाड करून दिलं. अबोली रेझिस्टन्स बदलला. आणि ऑक्टोबरच्या एका रात्री मी स्पीकर जोडला, बटण दाबलं, नॉब दहापर्यंत नेला.

काहीच नाही.

मी स्पीकरला कान लावला. अगदी खोल, दूर, रेतीवरून वारा गेल्यासारखं काहीतरी. बाकी निखळ शांतता. मी धावत जाऊन बायकोला उठवून आणलं.

"ऐक."

तिने ऐकलं. "काय?"

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच!"

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे तीन-चार महिने आणि नऊ हजार खर्च केले ते काही ऐकू येऊ नये म्हणून?" मी अभिमानाने मान हलवली. "मग लावलाच कशाला?" असं म्हणून ती झोपायला गेली. कलावंताच्या घरच्यांना कला कळत नाही, हे बीटल्सच्या वेळेपासून आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे काका. हातात तंबोरा, त्याची पंचमाची तार तुटलेली. "चार दिवसांवर बैठक आहे. तो तुमचा सूर देणारा डबा तेवढा द्या."

मी मोठ्या दिमाखात डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि बटण दाबलं. काका मांडी घालून, डोळे मिटून बसले. एक मिनिट गेलं.

"लावा की."

"लागलाय."

त्यांनी एक डोळा उघडला. "कुठे?"

मी त्यांना ट्रान्सफॉर्मर, लोखंड, एकच अर्थ, सगळं समजावलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. "चांगला चालला होता हो," ते शेवटी म्हणाले. "कशाला बिघडवलात?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझ्या तोंडून जे दोन शब्द निघतात ते निघाले.

गेला आठवडाभर मी ते घूं परत आणायच्या मागे आहे. ट्रान्सफॉर्मर तुपाच्या डब्यातून काढून पुन्हा तेलाच्या डब्यात घातला, अर्थ काढून टाकला, दुसरा अर्थ जोडला, चकलीचा डबासुद्धा लावून पाहिला. घूं काही येत नाही. काका रोज सहाला येतात, चहा घेतात आणि डोळे मिटून बसतात. काल मी हताश होऊन सगळे कंडेन्सर उपटले आणि बेलची जुनी वायर गॅलरीतून झाडावर टाकली. लगेच आकाशवाणी लागली. कापसावरच्या बोंडअळीबद्दल माहिती चालू होती. मी बंद करायला हात पुढे केला तर काकांनी तो धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "गाणं लागेल एवढ्यात."